"फोनवर नको, भेटून सांगतो" म्हणणारा माणूस थरारपटात मेलाच पाहिजे का?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. एका लघुपटाची पटकथा लिहितेय, अर्ध्या तासाच्या आतली. थरारपट आहे. एका कंपनीत हिशेब तपासायला आलेल्या बाईला पगारपत्रकात एक नाव सापडतं. तो माणूस केव्हाच वारलाय आणि तरी दर महिन्याला पगार उचलतोय. तिथल्या जुन्या रोखपालाला सगळं प्रकरण ठाऊक आहे. मध्यावर तो तिला फोन करतो, "फोनवर नको, भेटून सांगतो." ती पोचते तेव्हा दार अर्धवट उघडं, पंखा चालू आणि रोखपाल खुर्चीत मेलेला.

मसुदा मित्रमंडळींना वाचून दाखवला. ती ओळ आली आणि लगेच समोरून आवाज आला, "गेला हा." पुढची पानं कुणी जीव लावून ऐकली नाहीत. पुढे काय होणार ते त्यांना आधीच कळलं होतं.

तेव्हापासून जो थरारपट बघते त्यात हेच शोधत बसते. निवृत्तीला आठवडा उरलेला पोलीस. मोहिमेआधी पाकिटातला बायकोमुलांचा फोटो काढून दाखवणारा सहकारी. बाथरूममधलं आरशाचं कपाट बंद केलं की मागे उभा असलेला माणूस. ऐन वेळी सुरू न होणारी गाडी, हातातून निसटणाऱ्या किल्ल्या, नेमकी तेव्हाच गेलेली मोबाइलची रेंज. खलनायकाला गोळी लागते, तो पडतो, आणि नायिका पिस्तूल तिथेच टाकून पाठ फिरवते. सुरुवातीपासून तिला धीर देणारा, फार समजूतदार असा जो कुणी असतो, तो शेवटी खुनी निघतो.

हा चित्रप्रकार मला जिवापाड आवडतो, म्हणूनच हे छळतंय. हे ठरावीक संकेत पार काढून टाकले तर थरारपटच उरणार नाही हे कळतं. नायिकेने पहिल्या दहा मिनिटांत सगळे कागद पोलिसांच्या हाती दिले तर पुढे दाखवायचं काय? पण मग कोणता संकेत लागतोच आणि कोणता फक्त लिहिणाऱ्याची सोय, हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि माझ्या रोखपालाचं काय करू? तो बोलला तर गोष्ट मध्यावर संपते, न बोलता मेला तर प्रेक्षक हातचा जातो.

(जुन्या चित्रपटांचा रहस्यभेद चालेल. अलीकडच्यांचे शेवट कृपया सांगू नका.)


टेबलाखाली

ठरवायची एकच कसोटी मी वापरतो: या क्षणी कुणाला काय माहीत आहे? प्रेक्षकाला, नायिकेला आणि खलनायकाला, तिघांना वेगवेगळं. संकेत या तिघांच्या माहितीत फरक निर्माण करत असेल तर तो कामाचा. नुसताच माहिती अडवून धरत असेल तर ती सोय.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला 1962 च्या मुलाखतींत दिलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल. दोन माणसं गप्पा मारतायत, अचानक स्फोट होतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. आता बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलंय आणि तो किती वाजता फुटणार हेही त्याला कळलंय असं करा. त्याच रटाळ गप्पांना पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. हे उदाहरण सगळे सांगतात, पण त्याची किंमत मोजायला फार थोडे तयार असतात. आपलं सगळ्यात मोठं गुपित आधी फोडायचं, याला धाडस लागतं.

'व्हर्टिगो' (1958) पाहा. ज्या फ्रेंच कादंबरीवर तो बेतलाय, तिच्यात खरी गोष्ट शेवटी कळते. चित्रपटात हिचकॉकने ती जवळजवळ तिसरा भाग शिल्लक असतानाच आपल्याला सांगून टाकली. नायकाच्या मेलेल्या प्रेयसीसारखी दिसणारी बाई पत्र लिहायला बसते आणि आपल्याला सगळं कळतं. नायकाला मात्र कळत नाही. तिथून पुढे 'ही कोण?' हा प्रश्नच उरत नाही. 'याला कळेल तेव्हा हा काय करेल?' हा प्रश्न येऊन बसतो, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे.

तुमचा रोखपाल मरतो तेव्हा प्रेक्षकाला, बाईला, कुणालाच नवीन काही कळलेलं नसतं. तिघं होते तिथेच. मधलं अख्खं प्रकरण उचलून बाजूला ठेवलं तरी गोष्ट हलत नाही. त्याला बोलू द्या. सगळं बोलू द्या. आणि तो बोलत असताना प्रेक्षकाला असं काहीतरी ठाऊक असू द्या जे तिला ठाऊक नाही.


कात्रीवाली

मी संकलन करते, त्यामुळे माझं बोलणं कागदापेक्षा संकलनाच्या टेबलावरचं असेल. वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण संकेत शिळा का होतो याचं एक कारण निव्वळ कारागिरीचं आहे. लोक आकार उचलतात आणि त्याच्या आधीची बांधणी सोडून देतात.

'कॅट पीपल' (1942) मधला प्रसंग घ्या. रात्री एक बाई बागेच्या भिंतीकडेने एकटी चाललीय. मागून दुसरी बाई. पडद्यावर आळीपाळीने दोघींचे पाय, आणि ऐकायला फक्त टाचांचे आवाज. पहिलीचे आवाज, दुसरीचे आवाज, दिव्याचा उजेड, अंधार, पुन्हा उजेड. मग मागचे आवाज थांबतात. संगीत नाही. पुढची बाई चालण्याचा वेग वाढवते, मागे वळून बघते, रस्ता रिकामा. आणि एकदम कानाशी फिस्कारल्यासारखा आवाज येतो. तो असतो येऊन थांबलेल्या बसचा. संकलक मार्क रॉब्सन, निर्माता व्हॅल ल्यूटन. असल्या खोट्या धक्क्याला पुढे 'बस' असंच नाव पडलं.

आज आपण जे कपाटातून उडी मारणारं मांजर बघतो ते या बसचंच वंशज. फरक एवढाच की बसच्या आधी प्रेक्षकाच्या कानाला एका लयीची सवय लावलेली होती. दोन पावलांचं एक पाऊल झालं हे त्याला स्वतःला ऐकू आलं होतं. भीती त्या गळालेल्या आवाजात आहे. बस आली तेव्हा त्या भीतीला नुसतं तोंड फुटलं. मांजराच्या आधी काहीच बांधलेलं नसतं, म्हणून ध्वनिपट मोठा करावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कच्च्या संकलनांत ही जागा आली की दिग्दर्शक म्हणतात, "इथे एक मोठा आवाज टाक." मी त्यांना आधीचं मिनिट मागते. ते चित्रित केलेलंच नसतं.

दुसरं उदाहरण संकेत उलटवण्याचं. समांतर संकलन हा थरारपटाचा फार जुना नियम: दोन ठिकाणची दृश्यं आलटूनपालटून दिसली की ती एकाच जागी येऊन मिळणार, असं आपले डोळे धरून चालतात. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (1991) मध्ये सशस्त्र पथक एका घराला वेढा घालतं. एक जण फुलं घेऊन आल्याच्या मिषाने बेल दाबतो. पुढच्याच दृश्यात तळघरात बेल वाजते, खुनी वर बघतो. बाहेर बेल, आत बेल. खुनी दार उघडतो आणि समोर नायिका उभी, एकटीच. पथकाने फोडलेलं घर भलत्याच गावातलं, रिकामं. पडद्यावर एकही गोष्ट खोटी दाखवलेली नाही. जोडणी आपणच केली. जुना संकेत प्रेक्षकाच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की त्याच्यावर असा भार टाकता येतो. म्हणून संकेतांना नुसतं झटकून टाकू नका असं मला अगदी मनापासून वाटतं. "गेला हा" हा जो आवाज आला, ते तुमचं भांडवल आहे. तो मरणार याची खात्री आहे ना त्यांना? मग वापरा ती खात्री.


पहिली_रांग

धागा वाचून बरं वाटलं. थोडं आपल्याकडच्या चित्रपटांबद्दल लिहितो.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथांसाठी दहा नियम लिहिले. त्यातला एक असा की वाचकाला आधी तयार केल्याशिवाय जुळी भावंडं किंवा तोतये आणायचे नाहीत. रहस्यकथेतली ही सगळ्यात बदनाम पळवाट. आणि राजा परांजपे यांनी 1964 मध्ये 'पाठलाग' काढला, त्याचा सगळा डोलारा एकसारख्या दिसणाऱ्या दोघींवरच उभा आहे. राज खोसला यांनी 1966 मध्ये तोच 'मेरा साया' म्हणून हिंदीत आणला. बायको गेल्याचं दुःख उरात असलेला वकील, आणि कोर्टात त्याच्याच बायकोच्या चेहऱ्याची बाई, जी म्हणते मी तुमची बायको. फक्त नवराबायकोलाच माहीत असाव्यात अशा गोष्टी ती भर कोर्टात सांगते. तो उलटतपासणी घेतोय आणि प्रत्येक उत्तरागणिक आतून ढासळतोय. चेहऱ्याचं उत्तर शेवटी काय निघतं याला माझ्या लेखी दुय्यम किंमत आहे. तिच्यावर विश्वास ठेवावा तर मेलेल्या बायकोशी प्रतारणा, न ठेवावा तर जिवंत बायकोशी. या कोंडीमुळे ती पळवाट पळवाट राहत नाही.

गुपित आधी सांगण्याचं धाडस आपल्याकडेही झालंय. श्रीराम राघवन यांच्या 'जॉनी गद्दार'मध्ये (2007) गद्दार कोण हे आपल्याला माहीत असतं, टोळीतल्या बाकीच्यांना नसतं. चित्रपट दिग्दर्शक विजय आनंद आणि थरारकादंबरीकार जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केलाय, म्हणजे जुन्या वहिवाटीची पूर्ण जाण असलेल्या माणसाने केलेलं हे काम आहे. 'दृश्यम' (मल्याळम 2013, दिग्दर्शक जीतू जोसेफ, हिंदी 2015, निशिकांत कामत) तर मृत्यू आपल्या डोळ्यांसमोर घडवतो. कुणी मारलं, का मारलं, सगळं उघड. पुढचा सगळा ताण एका कुटुंबाने पाठ केलेली खोटी हकिगत टिकते का, यावर. आणि तरीही एक गुपित शेवटपर्यंत मुठीत राखलंय. ते इथे लिहीत नाही. कोरा_कागद, तुम्हाला नेमका हाच नमुना उपयोगी पडेल असं वाटतं. नव्वद टक्के सांगायचं, दहा राखायचं, आणि राखलेल्या दहाची प्रेक्षकाला शंकाही येऊ द्यायची नाही.


जुनं_एक्स्चेंज

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, म्हणून फोनबद्दल थोडं.

"त्याला बोलत ठेवा, अजून तीस सेकंद" हे वाक्य प्रत्येक अपहरणपटात असतं. त्याला एके काळी खरा आधार होता. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये कॉल कुठून आला हे शोधायचं म्हणजे माणसाने उठून रॅकपाशी जायचं, कोणता सिलेक्टर (कॉल जोडणारा यांत्रिक स्विच) अडकलाय ते बघायचं, तिथून मागचा, त्याच्या मागचा. कॉल दुसऱ्या एक्स्चेंजमधून आला असेल तर तिथल्या माणसाला कळवायचं, मग त्याने तसंच मागे जायचं. मधेच जोडणी सुटली की सगळे सिलेक्टर जागेवर परत आणि माग गेला. म्हणून बोलत ठेवणं भाग होतं. डिजिटल एक्स्चेंज आल्यावर कॉल लागतानाच कोणी कोणाला लावला याची नोंद होते. चित्रपट मात्र अजून सेकंद मोजतात. कारण गेलं, आकार उरला. कात्रीवाली यांनी म्हटलंय तेच.

क्लोरोफॉर्मचा रुमालही तसाच. नाकाला लावला आणि माणूस दोन सेकंदांत आडवा, असं होत नाही. कित्येक मिनिटं हुंगावा लागतो, आणि जास्त झाला तर माणूस दगावतो. सायलेन्सर गोळीचा आवाज 20 ते 35 डेसिबलने उतरवतो, पण मूळ आवाजच 140 ते 160 डेसिबलचा. शेजारच्या खोलीत कुणाची झोप मोडणार नाही हे शक्य नाही.

हे दोष काढण्यासाठी लिहीत नाही. अडथळा काढून टाकला की तिथे काहीतरी नवीन सुचतंच. मोबाइलची रेंज घालवण्यापेक्षा फोन चालू ठेवलेले चित्रपट जास्त घट्ट झालेत. 'द गिल्टी' हा 2018 चा डॅनिश चित्रपट पाहा, दिग्दर्शक गुस्ताव्ह म्यॉलर. पूर्ण वेळ आपण आपत्कालीन मदतकेंद्रात, एका पोलिसाच्या चेहऱ्यासमोर. पलीकडे काय चाललंय ते फक्त ऐकू येतं. फोन एकदाही दगा देत नाही. ऐकणारा ऐकलेल्याचा काय अर्थ लावतो, सगळा थरार त्यात आहे. तुमची बाई आणि रोखपाल यांचा फोन असा लिहून बघा.


वैशाखी

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. आतापर्यंत संकेत शिळा की ताजा यावर बोलणं झालं. काही संकेत शिळे आहेत म्हणून नव्हे, तर माणसांवर अन्याय करतात म्हणून टाकले पाहिजेत.

माझ्या घरात स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती आहे. थरारपटात खुनी सापडला की शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी त्याच्या आजाराचं नाव घेतं आणि तेवढ्यावर सगळ्याचा उलगडा झाला असं मानलं जातं. 'सायको'च्या (1960) शेवटी मानसोपचारतज्ज्ञ येऊन सगळं समजावून सांगतो, त्याची नक्कल आजतागायत चालू आहे. आमच्याकडे प्रत्यक्षात काय असतं? सकाळची गोळी, ती घेतल्यावरची ग्लानी, दार कुणी वाजवलं तर आधी त्या व्यक्तीलाच वाटणारी भीती. असे आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता जास्त असते, हे अभ्यासांतून वारंवार दिसलंय. आणि तरी पाहुणे आले की त्यांची नजर आधी स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांकडे जाते. ती नजर त्यांना पडद्यानेच दिलीय.

कात्रीवाली, तुम्ही बेलच्या प्रसंगाचं फार सुंदर वर्णन केलंत. त्याच चित्रपटातल्या खुन्याच्या चित्रणावरून समलिंगी आणि पारलिंगी लोकांनी तेव्हाच निषेध नोंदवला होता, हेही इथे असू दे. कलाकृती थोर असली म्हणून तेवढं माफ होत नाही.

दुसरी गोष्ट मेलेल्या बाईची. पहिल्या दृश्यात तिचा देह सापडतो, नंतर तिच्याबद्दल काहीच कळत नाही. तिला काय आवडायचं, ती कुणावर रागवायची, काही नाही. सूड घेणाऱ्या नवऱ्याला कारण हवं म्हणून ती मेली. कोरा_कागद, तुमच्या कथेतला तो वारलेला माणूस, ज्याच्या नावावर पगार निघतोय, तो कोण होता? त्याच्या घरच्यांना हे माहीत आहे का? मला रोखपालापेक्षा त्याची काळजी वाटतेय.


कात्रीवाली

वैशाखी, तुमचं म्हणणं पटलं. त्या चित्रपटात एक संवाद घालून 'हा खरा पारलिंगी नव्हे' असं स्पष्टीकरण दिलंय, पण प्रतिमा संवादापेक्षा बळकट असते हे संकलकाला कुणी सांगायला नको. प्रेक्षक घरी जातो तो प्रतिमा घेऊन.


कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरवलंय ते सांगते.

रोखपाल फोनवरच सगळं सांगणार. पैसे कोण काढतं, कागद कुठे आहेत, केव्हापासून. ती वही काढून लिहून घेणार. पण या फोनच्या आधी प्रेक्षकाने एक कागद पाहिलेला असेल: त्या मेलेल्या माणसाच्या नावे निघालेल्या पगाराच्या पावतीवर रोखपालाचीच सही. त्यामुळे तो जे सांगतोय ते खरं, फक्त त्यातून स्वतःला वगळून. तिला ते माहीत नाही, आपल्याला आहे. आणि "गेला हा" म्हणणाऱ्यांसाठी: तो भेटायचंही ठरवतो, ती जाते, दार अर्धवट उघडंच आहे, आणि तो जिवंत बसलेला आहे, तिची वाट बघत. माझ्या मते ते जास्त भीतीदायक आहे.

वैशाखी, तुमच्या प्रश्नाने रात्रभर झोप लागली नाही. त्या माणसाला आता बहीण आहे, आणि तिला दर महिन्याला थोडे पैसे पोचतात. ते कंपनीने कृतज्ञतेने सुरू ठेवलेत असं तिला वाटतं. ते रोखपाल देतो. म्हणजे प्रकरण उघड झालं की तिचेही पैसे थांबणार. नायिकेपुढचा खरा पेच आता तो आहे. खुनाची मला गरजच उरलेली नाही.

एक शंका राहिलीय. रोखपाल फोनवर सांगतो तेव्हा त्याची हकिगत दृश्यांत दाखवू का? नुसतं बोलणं तीन मिनिटं चालेल अशी भीती वाटते.


टेबलाखाली

बहिणीची कल्पना फार चांगली आहे, ती सोडू नका.

दृश्यांत दाखवू नका. हिचकॉकने 'स्टेज फ्राइट'मध्ये (1950) एका पात्राची खोटी हकिगत पूर्ण चित्रित करून दाखवली आणि नंतर ती खोटी होती असं सांगितलं. प्रेक्षक चिडले, आणि त्याने स्वतःही त्रुफोपाशी कबूल केलं की तसं करायला नको होतं. माणूस खोटं बोलतो हे प्रेक्षक मान्य करतो. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते खोटं निघालं की आपल्याला चित्रपटाने फसवलं असं त्याला वाटतं. तुमचा रोखपाल खोटं बोलत नाही, वगळतो. तरी त्याला दृश्य दिलंत की त्या खोलीत तो स्वतः कुठे उभा होता हे दाखवावं लागेल किंवा लपवावं लागेल, आणि दोन्हीकडून तुम्ही अडचणीत याल.

तीन मिनिटं नक्की निघतील. कॅमेरा तिच्या वहीवर ठेवा. ती नावं लिहितेय, एकाखाली एक. प्रेक्षकाला ठाऊक आहे की कोणतं नाव यायला हवं, आणि तो प्रत्येक ओळीला त्याची वाट बघेल. रोखपालाला एकदा मधेच थांबू द्या, दोन श्वासांइतकं. तिला वाटू दे की आवाज गेला, तिने "हॅलो?" म्हणू दे. मग त्याने पुढचं नाव सांगावं, दुसऱ्याच कुणाचं तरी.